नुक्साचा बाप

आमच्या प्रेसच्या मालकीणबाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चांगली हातांची, गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम कागदाचे गठ्ठे. गिऱ्हाईक आलं की गठ्ठे उतरवून त्याला बसवायचं आणि बाई टेबलाला कंबर टेकून उभ्या. एकदा न राहवून मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पुत्तर, बसलं की माणूस 'चलेगा' म्हणायला लागतो."

'चलेगा' या शब्दाला आमच्याकडे बंदी होती. कागदाचा एक एजंट नमुना दाखवताना सहज बोलून गेला, "थोडा पीला है, पर चलेगा जी." बाईंनी त्याला दाराबाहेर पाठवलं आणि परत आत येऊन पहिल्यापासून बोलायला लावलं. बिचारा बाहेर गेला, आत आला, "सत श्री अकाल, बीजी" म्हणाला आणि पिशवीतून दुसराच कागद काढला.

सगळे त्यांना बीजी म्हणत, पंजाबीत आईला म्हणतात तसं. मीही तेच म्हणायची. वय साठीच्या आसपास, अंगात सुती सलवार-कमीज, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि चेहऱ्यावर कुठे ना कुठे चिकटलेला सोनेरी कण. कधी भुवईवर, कधी हनुवटीवर. पत्रिकांवर सोनेरी अक्षरं उठवायच्या फॉइलचा तो कण असायचा. त्या तशाच भाजीला जायच्या, तशाच बँकेत जायच्या. मी एकदा रुमाल पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. पडला तर कच्चा होता म्हणायचं."

मी मूळची मिरजेची. नवरा चंदीगडला सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत लागला म्हणून तिकडे गेले. चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स झालेला होता, अक्षर बरं होतं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लग्नपत्रिकांच्या प्रेसला अक्षरं काढणारं माणूस हवंय असं कळलं, आणि सायकलवर टांग टाकून गेले. बीजींनी माझ्याकडून 'शुभ विवाह' लिहून घेतलं, कागद उलटा धरून पाहिला, आरशात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुमुखी शिकावी लागेल." मी म्हटलं, शिकेन. तेवढ्यावर नोकरी लागली. बीजी बोलायच्या ती हिंदी-पंजाबीची खिचडी होती. इतक्या वर्षांनी मला त्यांची बहुतेक वाक्यं मराठीतच ऐकू येतात, पण काही मात्र जशीच्या तशी राहिली आहेत.

त्यातलं एक असं: "नुक्स दा प्यो लब्भो, चाचा नहीं." नुक्स म्हणजे खोट, बिघाड. बिघाडाचा बाप शोधा, काका नको.

याचा अर्थ कळायला आमचं काम थोडं सांगायला हवं. पितळी ठसा तापवायचा, ठसा आणि पत्रिका यांच्यामधून सोनेरी फॉइलची पट्टी सरकवायची आणि दाबायचं. फॉइलच्या पोटाला असलेला गोंद उष्णतेने पातळ होतो आणि सोनं कागदाला धरतं. कोऱ्या कागदावर हे बिनबोभाट होतं. त्याच कागदावर आधी शाईचा रंग छापलेला असला की मात्र सोनं रुसतं. कधी अर्धंच अक्षर उठतं, कधी त्यावर फोड येतात, कधी छान उठतं आणि दुसऱ्या दिवशी झडतं. मग मशीनवाला उष्णता वाढवतो. चार पत्रिका बऱ्या निघतात, पाचवी बिघडते. बीजी म्हणायच्या, हा काका पकडलास. बाप अजून मोकळाच फिरतोय.

त्यांची दुसरी खोड म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाकडून मजकूर उभ्याने मोठ्यांदा वाचून घ्यायचा. डोळा आपल्या माणसाच्या नावातली चूक खपवून घेतो, जीभ घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात या वाचनाला एक वेगळाच अर्थ आला होता. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं, पंजाबात रोज काही ना काही होत होतं. चौकाचौकांत वाळूची पोती, अंधाराआधी घरी पोचायची घाई, बसमधून उतरवून घेतलेल्या लोकांच्या बातम्या. आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबं बदलीसाठी अर्ज करत होती, आणि मिरजेहून आईचं दर फोनला एकच: "या गं परत." अशा दिवसांत लोक प्रूफ वाचायला यायचे आणि एखाद्या नावाशी थांबायचे. मग हळूच सांगायचे, याच्यामागे 'स्वर्गीय' लावा. बीजी काही विचारायच्या नाहीत. जुळवून ठेवलेला मजकूर स्वतः उचलायच्या, तो शब्द स्वतः बसवायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा वाचा. सगळं पहिल्यापासून." ते वाचन संपेपर्यंत मशीन बंद.

एवढी लग्नं का लावतात लोक या दिवसांत, असं मी एकदा बोलले. बीजी चिडल्या. "मग केव्हा लावायची?"

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी एक पत्रिका आली. मुलगी हिंदू, मुलगा शीख, दोघं एकाच बँकेत. पंजाबात पूर्वी यात नवल नव्हतं. खुद्द बीजींच्या माहेरी थोरला मुलगा शीख म्हणून केस राखायचा, बाकीचे हिंदूच. पण आता नवल होतं. मुलीच्या वडिलांचं सेक्टर बावीसमध्ये कापडाचं दुकान, सगळे त्यांना लालाजी म्हणत. त्यांची बहीण बटाल्याच्या घराला कुलूप घालून अंबाल्याला येऊन राहिली होती. मुलाचे वडील चौऱ्याऐंशी साली कामासाठी दिल्लीला गेले ते परत आले नव्हते. मुलाला त्याच्या तायांनी, म्हणजे मोठ्या काकांनी वाढवलं होतं. रोपडकडच्या गावात शेती करणारा हा उंच, कमी बोलणारा म्हातारा. लग्न त्यांना मनापासून पसंत नव्हतं, पण पोरासाठी हो म्हणाले होते.

पत्रिकेची कल्पना माझी. डावा अर्धा भाग केशरी, त्यावर सोनेरी इक ओंकार, शिखांचं पवित्र चिन्ह. उजवा महरून, त्यावर सोनेरी गणपती. मध्ये दोघांची नावं. मशीनवरून पहिला नमुना निघाला तेव्हा बीजींनीसुद्धा "वाह" म्हटलं. तायाजींनी गावात दाखवायला एक नमुना खिशात घातला.

आठवडाभराने ते परत आले. पगडीखालचा चेहरा दगडासारखा. पत्रिका टेबलावर ठेवली. गणपती लखलखत होता. इक ओंकाराच्या जागी केशरी रंगावर नुसता दबलेला खड्डा होता.

"तुमच्या शहरात आमचं नाव टिकत नाही, बीबीजी," ते म्हणाले. "गावात सगळ्यांनी पाहिलं. म्हणाले, हा इशारा समज."

"इशारा नाही, बिघाड आहे," बीजी म्हणाल्या.

"बिघाड एकाच बाजूला?"

बीजींनी सगळ्या छापलेल्या पत्रिका काढून करंगळीच्या नखाने खरवडून पाहिल्या. एकूणएक तशाच. महरूनवर सोनं पक्कं, केशरीवर नख लागताच भुगा.

दुपारी लालाजीही आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. घाम पुसत म्हणाले, "बीजी, दोन्ही चिन्हं काढून टाका. साधी छापा. कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

"आज चिन्ह काढलंत तर उद्या लग्न काढून टाकाल," बीजी म्हणाल्या. "परवा सकाळी या. त्यांनाही बोलावते. जे असेल ते दोघांच्या समोर."

"आणि तेव्हाही नाही टिकलं तर?"

"तर मी तुमच्या घरी येऊन तुमच्या मुलीला सांगेन. तुम्ही सांगू नका."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बिघाडाच्या काकांच्या मागे धावलो. आमचा मशीनवाला सोहनलाल प्रेसच्या मागच्याच खोलीत राहायचा. त्याने उष्णता वाढवली, तर इक ओंकाराच्या कडा सुजल्या. कमी केली, तर अर्धा उठला. दाब कमी पडत असेल म्हणून ठशासमोर पातळ कागदाचे थर चिकटवले. फॉइल बदललं. पत्रिका उन्हात वाळवल्या. मग मला वाटलं, ठसे तापवणारी पट्टी डावीकडे थंड असेल. मी नवऱ्याला सांगितलं. तो साहेबांची परवानगी घेऊन प्रयोगशाळेतला उष्णता मोजायचा काटा घेऊन आला आणि गुडघ्यावर बसून पट्टीचा कोपरा न् कोपरा मोजला. दोन्ही बाजू सारख्याच गरम होत्या.

"शाबाश," बीजी त्याला म्हणाल्या. "एक काका घरी पाठवलास."

आता एकच गोष्ट उरली होती. पत्रिका डावं टोक उजवीकडे फिरवून मशीनला लावायची, म्हणजे इक ओंकार महरूनवर पडेल आणि गणपती केशरीवर. इक ओंकार महरूनवर टिकला, तर दोष केशरी शाईचा. तिथेही झडला, तर दोष त्या ठशाचा. आम्ही ते करणार एवढ्यात वीज गेली, ती दिवसभर आली नाही.

ठरल्या दिवशी नेमका बंद पुकारलेला. रस्ते ओस. कामगार येणं शक्य नव्हतं. मी सायकल हातात धरून दोन नाक्यांवर झडती देत पोचले. तायाजी आदल्या दिवशीच येऊन गुरुद्वाऱ्याच्या धर्मशाळेत उतरले होते. लालाजी सेक्टर बावीसहून पायी आले होते. बीजींनी दोघांना समोरासमोर दोन स्टुलांवर बसवलं. वीज अजून नव्हतीच. चहा झाला. तायाजी जमिनीकडे बघत होते, लालाजी पंख्याकडे.

बीजी म्हणाल्या, "तोवर पत्रिका वाचून घेऊ. तायाजी, तुम्ही वाचा. उभ्याने."

म्हातारा उठला. गुरुमुखी मजकूर लांब धरून वाचू लागला. आवाज खणखणीत होता. मुलाचं नाव आलं, मग "सुपुत्र स्वर्गीय" आलं, आणि पुढे भावाचं नाव होतं. तिथे तो थांबला. धाकट्या भावाच्या नावामागे तो शब्द त्याने बहुधा पहिल्यांदाच तोंडाने उच्चारला होता. लालाजींनी पंख्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. बीजी नेहमीसारख्या "पहिल्यापासून" म्हणाल्या नाहीत. शेवटी तायाजींनी नाव वाचलं, पुढचंही वाचलं, लालाजींच्या मुलीच्या नावापर्यंत आले आणि बसले.

वीज आली तेव्हा आम्ही सगळेच दचकलो.

ठसे तापेपर्यंत मी बीजींना बाजूला घेतलं. म्हटलं, "आधी आपण आत एकदा करून बघू या का? उलटं निघालं तर?"

"आपण आधी बघितलं तर त्यांना हातचलाखी वाटेल," त्या म्हणाल्या. "सगळे एकदमच बघू." त्यांनी हनुवटीवरचा सोनेरी कण नखाने खरवडून पाहिला. ते मी त्या दिवसाआधी पाहिलं नव्हतं.

सोहनलालने नुसता रंग छापलेली एक पत्रिका फिरवून लावली. ठसा खाली आला, वर गेला. महरूनवर इक ओंकार, केशरीवर गणपती, दोन्ही झगझगीत. बीजींनी स्वतः हात लावला नाही. पत्रिका गार होऊ दिली आणि तायाजींपुढे धरली.

"घासा."

तायाजींनी आधी इक ओंकारावर अंगठा फिरवला. हलक्या हाताने, मग जोर देऊन. काही झालं नाही. मग गणपतीवर फिरवला. गणपतीची सोंड पुसली, मग मुकुट, मग सगळा गणपतीच त्यांच्या अंगठ्यावर आला.

तायाजी तो सोनेरी अंगठा वर धरून उभे राहिले. कुठे पुसावा ते त्यांना कळेना. कुर्त्याला पुसणं बरं दिसेना, जमिनीवर झटकणं तर नाहीच. दुसऱ्याच्या देवाचं सोनं अंगठ्यावर घेऊन तो सहा फुटी माणूस अवघडून गेला होता.

लालाजी उठले. खिशातून घडीचा रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "लीजिए, भाईसाहब." तायाजींनी अंगठा त्यात टिपला, अगदी जपून. लालाजींनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "आमचाही नाही टिकला," ते म्हणाले, आणि अचानक हसले. तायाजी हसले नाहीत, पण त्यांनी स्टूल ओढून लालाजींच्या शेजारी घेतलं.

बीजींचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या केशरी शाईचा डबा उघडून वास घेत होत्या. "सोहनलाल, यात काय मिसळलंस?"

सोहनलाल त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्हीच सांगितलं होतं ते, बीजी. मेणाची पेस्ट."

मग मलाही आठवलं. दिवाळीच्या आधी एका कामात केशरी रंग लोकांच्या हाताला लागत होता. बीजींनीच फर्मान काढलं होतं, इथून पुढे केशरीत मेण घाल. मेणाने रंग हाताला लागायचा थांबला. पण मेणावर गोंद कुठून धरणार?

शाईच्या कंपनीवर ढकललं असतं तर कुणाला कळणार होतं? दोन्ही म्हाताऱ्यांना शाईतलं काही कळत नव्हतं, आणि सोहनलालने त्यांच्यासाठी जीभ आवरली असती. बीजी डबा हातात घेऊन दोघांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लो जी. प्यो लब्भ गया," त्या म्हणाल्या. "मैं ही हां. माझ्या हुकमाने झालं, आणि तुम्ही दोघं इतके दिवस देवाला दोष देत बसलात. मला माफी द्या."

तायाजी उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, काही मोठं बोललेही नाहीत. एवढंच विचारलं, "नवीन केव्हा होतील?"

नवीन त्याच दिवशी सुरू झाल्या. शाईत मेण नाही, आणि शिवाय बीजींनी मला केशरी आणि महरून दोन्ही भागांत चिन्हांपुरती जागा कोरी सोडायला लावली, म्हणजे सोनं शाईवर न बसता थेट कागदावर बसेल. आधीचा कागद संपला होता, बंदमुळे नवा येणार नव्हता. एका रद्द झालेल्या कामाचा जाड कागद पडून होता, तो काढला. पुढचे काही दिवस बीजी रंग वाळायची वाट बघत मशीनभोवती फेऱ्या मारत होत्या. सोहनलालला मात्र त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत.

पत्रिका दुमडायच्या वेळी कामगार पुन्हा कमीच होते. तायाजी आणि लालाजी दोघंही येऊन बाकावर बसले. तायाजींची घडी चांगली पडायची, लालाजींची तिरकी. "लालाजी, जिंदगी भर कपड़ा मोड़ा, और कागज नहीं मुड़ता?" तायाजी म्हणाले. लालाजी म्हणाले, कापड ऐकतं. संध्याकाळपर्यंत ते भांडत होते, आणि बीजी दर घडीला तिरकी निघालेली पत्रिका लालाजींना परत देत होत्या. लालाजींनी 'चलेगा' म्हणायची एकदा चूक केली. त्यांनाही बाहेर जाऊन परत यावं लागलं.

लग्न दिवसाउजेडी झालं, बँड नव्हता, वरात छोटी होती. रोपडकडची निम्मी माणसं रस्त्याच्या भीतीने आली नाहीत, आणि जी आली ती जेवून लगेच निघाली. बीजी कधी गिऱ्हाइकाच्या लग्नाला जात नसत. या लग्नाला गेल्या, मलाही नेलं. आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न, झाल्यावर मुलीच्या माहेरच्या अंगणात फेरेही झाले. तायाजी दोन्हीकडे पहिल्या रांगेत होते. बीजी मागच्या भिंतीशी उभ्या. कुणीतरी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी मला दिली.

अडीअडचणी संपल्या असं नाही. त्यानंतरही कित्येक लग्नांच्या तारखा फिरल्या, कित्येक नावांमागे तो शब्द लागला. दोन-तीन वेळा प्रेसच्या फोनवर कुणीतरी धमकावलं, हे छापू नका, ते छापू नका. बीजी ऐकून घ्यायच्या, "वाचून दाखवा बरं, काय नको ते" म्हणायच्या, आणि फोन बंद व्हायचा. मग पाणी पिऊन कामाला लागायच्या. त्यांना भीती वाटायची का, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांना हनुवटीवरचा कण खरवडताना पाहिलं होतं, तेवढं मला पुरे होतं.

पुढे नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली. सामान ट्रकने गेलं, आणि निघायच्या दिवशी मी मिठाईचा डबा घेऊन बीजींचा निरोप घ्यायला गेले. रस्त्याने जाताना काय बोलायचं ते मनात जुळवत होते. आत गेले तर बीजी मशीनवर वाकलेल्या. रुपेरी फॉइलचं एक नवं काम होतं, आणि बारीक अक्षरांच्या पोटात चंदेरी धूळ भरत होती. सोहनलाल कपाळाला हात लावून उभा.

मी म्हटलं, "बीजी, मी निघाले."

त्यांनी मान वर केली नाही. "गाडी केव्हाची आहे?"

"संध्याकाळची."

"मग? अजून दुपारसुद्धा झाली नाही," त्या म्हणाल्या. "फॉइलचा हा कोपरा धर. घट्ट."

मी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि कोपरा धरला.